रायफलच्या पुंगळ्यांसाठी घरगुती इंडक्शन ॲनीलर: सर्किट, कॉइल आणि वेळ कशी बसवावी?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमोर या दोन काडतुसांचं रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळी) पुन्हा भरणं, घरी करतो. पुंगळ्यांना ताव द्यायला, म्हणजे तोंडाकडची मान तापवून मऊ करायला (ॲनीलिंग), सध्या प्रोपेनचा टॉर्च आहे. अडचण नेहमीची: एक पुंगळी जास्त तापते, दुसरी कमी. डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) आणि त्यातलं बुशिंग तेच ठेवूनही बुलेट बसवताना हाताला लागणारा जोर पुंगळीगणिक बदलतो. चांगले तयार इंडक्शन ॲनीलर फार महाग पडतात, म्हणून इंडक्शनवाला घरी बांधायचा बेत आहे. जमवलेलं सामान असं:

- १००० वॅट लिहिलेला झेडव्हीएस बोर्ड (कॉइलला उच्च वारंवारतेचा करंट देणारं सर्किट), १२ ते ४८ व्होल्ट, सोबत जाड नळीची मोठी कॉइल
- ४८ व्होल्ट, १२.५ अँपिअरचा स्विचिंग पॉवर सप्लाय
- ४० अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले (हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच), एसीवाला
- आर्दुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), छोटा डिस्प्ले, १२ व्होल्टचा सोलेनॉइड

विचार असा की रिले पॉवर सप्लायच्या एसी बाजूला लावायचा आणि आर्दुइनोने साडेतीन-चार सेकंद चालू-बंद करायचा. हे चालेल का? सोबत आलेली कॉइल ठेवू की नवी वळू? पाण्याने थंड करणं खरंच लागतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ किती ठेवायची हे कशावरून ठरवायचं? लाली बघून ठरवणारे बरेच दिसतात, पण त्यावर विश्वास बसत नाही.

तारवेढा

ओहायोकर, सामान बरोबर आहे, फक्त रिलेचा बेत बदला. बोर्ड जळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच आहे.

हा बोर्ड म्हणजे दोन मॉसफेटचा (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) स्वतःहून दोलन करणारा ऑसिलेटर. व्होल्टेज एकदम पूर्ण मिळालं तर दोन्हींतला एक आधी चालू होतो, दुसऱ्याला बंद करतो आणि दोलन सुरू होतं. एसी बाजू चालू-बंद केली तर सप्लायचं आउटपुट हळूहळू चढतं. अशा वेळी दोन्ही मॉसफेट एकत्र चालू होऊन तसेच अडकून बसतात, चोक (बोर्डच्या इनपुटवरच्या छोट्या कॉइल) सॅच्युरेट होतात आणि क्षणात दोन्ही जातात. सप्लायची करंट मर्यादा लागून व्होल्टेज मध्येच कोसळलं तरी हाच प्रकार होतो. म्हणून सप्लाय कायम चालू ठेवायचा आणि तोडायची ती डीसी बाजू.

तिथे तुमचा एसीवाला रिले उपयोगाचा नाही. त्यात ट्रायॅक (एसीसाठीचा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो, आणि तो करंट शून्यावर आल्याशिवाय बंद होत नाही. डीसीमध्ये करंट शून्यावर येतच नाही. म्हणजे एकदा चालू झाला की आर्दुइनोने कितीही सांगितलं तरी कॉइल तापतच राहणार, आणि आत पुंगळी असली तर ती वितळणार. गाडीतला ३० अँपिअरचा रिलेही नको. त्याचा रेटिंग १२-१४ व्होल्टचा असतो. ४८ व्होल्ट डीसीला संपर्कबिंदूंमधली ठिणगी विझत नाही आणि पत्त्या चिकटतात. डीसी-डीसी सॉलिड स्टेट रिले घ्या, १०० व्होल्टच्या वरचा, हीट सिंकवर बसवलेला. स्वस्त मालाचं छापील रेटिंग निम्मं धरूनच निवडा. बोर्डच्या इनपुटवर उलटा डायोड लावा, म्हणजे रिले तुटताना चोकमधली ऊर्जा त्यातून फिरून संपते. ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा एक कपॅसिटर सप्लायच्या बाजूला, म्हणजे रिलेच्या अलीकडे लावा. पलीकडे लावलात तर प्रत्येक वेळी तो भरण्याचा झटका रिलेला बसेल. त्यानंतर १५ अँपिअरचा फ्यूज.

४८ व्होल्टच्या वर जाऊ नका. या सर्किटमध्ये मॉसफेटवर सप्लायच्या सुमारे ३.१४ पट शिखर व्होल्टेज येतं, म्हणजे ४८ ला १५० व्होल्ट. या बोर्डांवर बहुधा आयआरएफपी२६०एन असतो, तो २०० व्होल्टचा. ६० व्होल्ट दिले की शिखर १८८ वर जातं, मग काहीच फरक उरत नाही.

गेटचे रेझिस्टरही बघून घ्या. गेटला थेट ४८ व्होल्टवरून ४७० ओममधून पुरवठा असेल तर प्रत्येकात सरासरी पावणेचार वॅट जळतात. तिथे २ वॅटचा रेझिस्टर दिसला तर काढून १० वॅटचा लावा, बोर्डपासून जरा उचलून.

आता कॉइल. सोबत येणारी कॉइल या कामाला फार मोठी. पुंगळी आणि नळी यांत जितकं अंतर जास्त तितकी ऊर्जा वाया. .३०८ चं बूड १२ मिलिमीटर आहे. त्याभोवती क्वार्ट्‌झची नळी आणि थोडी मोकळीक धरून आतला व्यास २० मिलिमीटर ठेवा. ३.२ मिलिमीटरची म्हणजे १/८ इंचाची तांब्याची नळी, ९ वेढे, दोन वेढ्यांतलं केंद्र ते केंद्र अंतर ४ मिलिमीटर. बोर्डवर ०.३३ मायक्रोफॅरडचे सहा कपॅसिटर असतात, म्हणजे जवळजवळ २ मायक्रोफॅरड. या कॉइलचं इंडक्टन्स ०.९ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं आणि दोलन ११५ ते १२० किलोहर्ट्‌झला बसतं. त्या वारंवारतेला पितळेत करंट वरच्या ०.३६ मिलिमीटरमध्ये वाहतो. मानेच्या भिंतीची जाडी जवळपास तितकीच आहे, त्यामुळे पूर्ण भिंत एकदम तापते. याहून सुंदर जुळणी मागूनही मिळणार नाही.

नळी वळताना चेपू नये म्हणून आत कोरडं बारीक मीठ ठासून भरा, दोन्ही टोकं दाबून बंद करा, २० मिलिमीटरच्या गजावर वळा, मग टोकं कापून कोमट पाण्याने मीठ पूर्ण धुऊन काढा. वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. वर सिलिकॉन-फायबरग्लासची स्लीव्ह चढवा.

पाणी लागतंच. कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात दीडशे अँपिअरच्या घरात करंट फिरत असतो. दहा-बारा पुंगळ्या बिनपाण्याच्या निघतील, पण कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि पुढच्या पुंगळीला त्याच वेळेत कमी ऊर्जा मिळते. तुमचा सगळा खटाटोप सारखेपणासाठी आहे, मग तो इथे घालवू नका. १२ व्होल्टचा छोटा पंप, दोन-तीन लिटर डिस्टिल्ड पाणी आणि सिलिकॉनच्या नळ्या एवढं पुरे. नळी बारीक असल्यामुळे अगदीच कमी दाबाचा पंप मात्र चालणार नाही. कपॅसिटरवर पंखा हवाच.

खिळा घालून चाचणी करू नका. लोखंड चुंबकीय असल्याने झटकन लाल होतं, त्यावरून पितळेचा काही अंदाज बांधता येत नाही.

धातुजा

तारवेढा यांनी वीज सांगितली, मी पितळेचं सांगते.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. दर वेळी गोळी सुटताना मान फुगते, डायमध्ये पुन्हा दाबली जाते, आणि धातू थंडपणे वाकवला की कडक होत जातो. तांबट हंडा ठोकताना मधूनमधून भट्टीत घालून लाल करतात ते याच कारणासाठी. मान कडक झाली की डायमधून निघाल्यावर परत उसळते, म्हणून पकड कमी-जास्त होते, आणि शेवटी मान उभी चिरते.

आकड्यांबद्दल बराच गोंधळ दिसतो. ४०० अंश सेल्सिअस, म्हणजे ७५० फॅरनहाइट, हा आकडा सगळीकडे फिरतो. पण मऊ होणं हे तापमान आणि वेळ या दोन्हींवर अवलंबून असतं. त्या तापमानाला हे काम व्हायला बराच वेळ लागतो. तुमच्याकडे तीन-चार सेकंद आहेत, तेवढ्यात मानेला ५५० ते ६०० पर्यंत जावं लागतं. तापमान दाखवणारा (ठरलेल्या तापमानाला विरघळणारा) रंग आणताना १००० फॅरनहाइटचा, म्हणजे ५३८ सेल्सिअसचा आणा आणि मानेच्या आतून लावा. फक्त ७५० चा रंग विरघळला म्हणून थांबलात तर मान अर्धवटच मऊ होते.

दुसरा रंग ४५० फॅरनहाइटचा, म्हणजे २३२ सेल्सिअसचा. तो बाहेरून खांद्यापासून बुडापर्यंत उभ्या पट्टीने लावा. ही चाचणी कधीही टाळू नका. .३०८ चा कमाल दाब ६२,००० पीएसआय आहे आणि तो शेवटी बूडच झेलतं. बूड कारखान्यात मुद्दाम कडक ठेवलेलं असतं. ते मऊ झालं की पुंगळी चेंबरमध्ये फाटून तापलेला वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. पट्टीचा खालचा अर्धा भाग न विरघळता राहिलाच पाहिजे. पट्टी कॉइल बंद होताक्षणी पाहू नका, पुंगळी पूर्ण गार झाल्यावर पाहा, कारण कॉइल बंद झाल्यावरही उष्णता खाली उतरत राहते. अशी बूड तापलेली पुंगळी दुरुस्त होत नाही. पकडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत ढिगात मिसळणार नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर इथे फसवतो. चकचकीत पितळ फार कमी उत्सर्जन करतं, म्हणून आकडा कितीतरी खाली दाखवतो.

लालीवर विश्वास नाही म्हणता ते योग्यच आहे, पण ती पूर्ण टाकाऊही नाही. पूर्ण काळोखात डोळ्याला दिसणारी पहिली मंद लाली ५२५ अंशांच्या जवळ असते. दिवा लावलेल्या खोलीत तीच लाली दिसेपर्यंत तापमान कितीतरी वर गेलेलं असतं. तोंडातून नारिंगी ज्योत दिसली तर हद्द केव्हाच ओलांडली. त्या पुंगळ्याही भंगारात.

वेळ बसवायची रीत अशी. एकाच लॉटच्या आठ-दहा पुंगळ्या बळी द्यायला काढा. २ सेकंदांपासून सुरुवात करून दर वेळी ०.२ ने वाढवा, प्रत्येक वेळेला नवी, ताव न दिलेली पुंगळी. आतला ५३८ चा रंग ज्या वेळेला पूर्ण विरघळतो ती वेळ लिहून ठेवा. मग काळोखात पहिली लाली कुठे येते ते पाहा. दोन्ही वेळा जवळजवळ आल्या पाहिजेत. नाही आल्या तर रंगाचा थर फार जाड लागला आहे. त्यानंतर मान पकडीने थोडी चेपून सोडा. नीट ताव बसलेली मान किंचित उसळून मागे येते. जशी चेपली तशीच पडून राहिली तर जास्त झालं.

पाण्यात टाकायची गरज नाही. पाणी पाजून कडक होणं हा पोलादाचा धर्म, पितळेचा नाही. धातूच्या ताटात पडू द्या. प्लॅस्टिकचा डबा नको, तो वितळतो.

ओहायोकर

तारवेढा, धातुजाताई, फार मोलाचं सांगितलंत. डीसी रिले आणि नळी मागवतो. दोन शंका. १००० वॅट लिहिलेल्या बोर्डला ६०० वॅटचा सप्लाय पुरेल का? आणि पुंगळी कॉइलमध्ये किती खोल ठेवायची?

तारवेढा

सहज पुरेल. हिशेब करा. .३०८ चा वरचा जो भाग तापवायचा आहे त्याचं वजन जेमतेम २ ग्रॅम. पितळेची विशिष्ट उष्णता ०.३८ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश, आणि चढवायचे साडेपाचशे अंश. म्हणजे सव्वाचारशे जूलपेक्षा थोडं कमी. साडेतीन सेकंदांत द्यायचे तर पितळेत प्रत्यक्ष १२० वॅट जातात. बाकीचं कॉइल आणि बोर्डमध्ये उष्णता होऊन जातं, तरी ६०० वॅटमध्ये काम होतं. मोठ्या बोर्डच्या मागे लागू नका. एका सेकंदात ताव बसू लागला की ०.१ सेकंदाची चूकसुद्धा महागात पडते.

त्यापेक्षा व्होल्टेज बघा. पुंगळीत जाणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. ४८ चे ४६ झाले तर शक्ती ८ टक्क्यांनी घटते. तोच फरक वेळेत मोजलात तर पाव सेकंदाच्या वर. म्हणून सप्लाय ते बोर्ड तार जाड आणि आखूड ठेवा, आणि मीटर सप्लायवर नाही, बोर्डच्या स्क्रूवर लावून वाचा.

अँपिअरचा मीटर कायमचा बसवाच. रिकाम्या कॉइलचा करंट आणि पुंगळीसह करंट यांतला फरक ही तुमची नाडी. एका लॉटच्या सगळ्या पुंगळ्यांना तो सारखा यायला हवा. एखादीला कमी आला तर ती नीट खाली बसलेली नाही किंवा दुसऱ्याच लॉटची आहे. आर्दुइनोला हे वाचता येतं, ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलं तर चक्र तिथेच तोडायला सांगा.

गिरमिट

खोलीचं मी सांगतो, कारण ते यांत्रिक काम आहे. .३०८ मध्ये तोंडापासून खांदा संपेपर्यंत साडेअकरा मिलिमीटर होतात. पुंगळीचं तोंड कॉइलच्या मध्यावर आणा. ३६ मिलिमीटरच्या कॉइलमध्ये मग पुंगळीचा वरचा १८ मिलिमीटर भाग राहतो. चुंबकक्षेत्र मध्याला सर्वांत जोरदार आणि टोकाकडे कमी असतं, त्यामुळे मान जास्त तापते आणि खाली ताव आपोआप उतरत जातो. त्याहून खोल घातलीत तर पुंगळीचं धड तापू लागतं. ६.५ क्रीडमोरची पुंगळी .३०८ पेक्षा आखूड आहे, म्हणून दोघांसाठी टेकू वेगळा. खालचा टेकू आटे असलेल्या दांड्यावर बसवा आणि दोन लॉक नट घाला. एक नट आपोआप सैल होतो.

टेकू आणि पुंगळी खाली सोडणारी झडप कॉइलपासून दूर असतील तर ॲल्युमिनियम चालतं. कॉइलच्या ३० मिलिमीटरच्या आत कोणताही धातू नको, स्क्रूसुद्धा नाही, तो स्वतःच तापतो आणि ऊर्जा खातो. तिथे सिरॅमिक किंवा फायबरग्लासची पट्टी वापरा. थ्रीडी प्रिंटरचा पीएलए ६० अंशांनाच मऊ पडतो, तापलेल्या पुंगळीच्या वाटेत तो अजिबात नको.

चक्र असं ठेवा: पुंगळी बसली, करंट चालू, ठरलेली वेळ, करंट बंद, ०.३ सेकंद थांबा, मग सोलेनॉइड झडप उघडेल, पाऊण सेकंदाने मिटेल. मधला थांबा काढू नका. रिले बंद व्हायच्या आत सोलेनॉइड ओढला तर पुंगळी पडता पडता तापते आणि शेवटचे दशांश हातातून जातात.

रिलेच्या कंट्रोल पिनला १० किलोओमचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावा, म्हणजे आर्दुइनो रीसेट होताना ती पिन तरंगत राहून रिले चालू होणार नाही. नॅनोचा वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर रीसेट करणारा टाइमर) चालू करा. आणि सॉफ्टवेअरपासून पूर्ण वेगळी अशी एक मर्यादा हवी: ५५५ या चिपचा एक टाइमर, ६ सेकंदांनी रिलेचा पुरवठा तोडणारा. कॉइलच्या इतक्या जवळ मायक्रोकंट्रोलर अडकू शकतो. कॉइलच्या तारा आणि सेन्सरच्या तारा एका जुडग्यात बांधू नका, सेन्सरच्या तारांना पीळ द्या, डिस्प्लेची तार आखूड ठेवा.

कामाच्या जागेचे नियम कडक हवेत. ॲनीलरच्या टेबलावर बंदुकीची दारू, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), भरलेलं काडतूस यातलं काहीच नको, ती खोलीच वेगळी ठेवा. कॉइलमध्ये जाणारी प्रत्येक पुंगळी प्रायमर काढलेली, आणि प्रायमरच्या भोकातून उजेड दिसतो का ते पाहिलेली. क्रम असा: प्रायमर काढा, धुऊन पूर्ण वाळवा, ताव द्या, मग तेल लावून डायमध्ये घाला. ताव आकार देण्याच्या आधीच, नाहीतर मान परत न उसळण्याचा फायदाच मिळत नाही. बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चालू कॉइलजवळ यायचंच नाही. पॉवर सप्लायच्या धातूच्या पेटीला अर्थिंग दिलेलं आहे ना, ते मीटरने तपासा.

खानदेशी

तिकडे अमेरिकेत वैयक्तिक वापरापुरतं रीलोडिंग चालतं, पण भारतात वाचणाऱ्यांनी याचा प्रयोग करू नये. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो.

बाकी एक निरीक्षण. आमच्या भागात वरणगावला लष्करी काडतुसांचा कारखाना आहे. लष्करी पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर निळसर-तपकिरी छटा दिसते ती शेवटच्या तावाची खूण असते. बाजारू मालात तीच पॉलिश करून पुसलेली असते, म्हणून लोकांना वाटतं की त्याला ताव दिलेलाच नाही. ओहायोकर, तुमच्या पुंगळीवरही तशीच छटा खांद्याच्या थोडी खाली जाऊन थांबली पाहिजे. पण छटा ही फक्त पहिली नजर, निर्णय रंगाच्या पट्टीवरच.

धातुजा

खानदेशी यांचं म्हणणं बरोबर. छटा पुंगळी किती स्वच्छ होती त्यावरही बदलते. धुताना साबण राहिला असेल तर ती गडद येते, म्हणून दोन वेगळ्या धुलाईच्या पुंगळ्या छटेवरून तोलू नका.

लॉटबद्दल एक राहिलं. एकाच कॅलिबरच्या पण वेगळ्या बनावटीच्या पुंगळ्यांमध्ये भिंतीची जाडी आणि वजन वेगळं असतं, म्हणून त्यांची वेळही वेगळी. मान आतून-बाहेरून छिलून पातळ केली असेल तर त्याच कंपनीच्या त्याच लॉटलाही वेळ नव्याने बसवावी लागते. दर सत्राला पहिल्या पुंगळीवर आणि मग दर पन्नासाव्या पुंगळीवर दोन्ही रंग लावून पाहा. वेळेच्या आकड्याशेजारी कॉइलच्या पाण्याचं तापमान आणि बोर्डच्या स्क्रूवरचं व्होल्टेज लिहून ठेवा, नुसते सेकंद लिहिलेले पुढच्या महिन्यात उपयोगी पडत नाहीत.